आवाजाची सोयरीक

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की आमच्या उदगीरच्या आसपासच्या रस्त्यांवर दिवस मावळल्यानंतर एक गोष्ट हमखास भेटते. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि त्याच्यावर वाजणारे गाणे. गाणे आधी ऐकू येते, ट्रॅक्टर मागाहून दिसतो. पुष्कळ शहाणीसुरती माणसे या गाण्याला नावे ठेवतात. मी ठेवणार नाही. रात्र-रात्र कारखान्याच्या दारात नंबर लागण्याची वाट पाहायची, अंगात थंडी, डोळ्यांवर झोप. अशा माणसाला सोबतीला गाणे हवेसे वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले? मोटारीत, जीपमध्ये वूफर बसवून घेणाऱ्या तरुणांचेही तेच. हौस आहे, आणि हौसेला मोल नसते असे आपणच म्हणतो.

माझे म्हणणे निराळे आहे. या हौसेपायी आमची मुले कष्टाचा पैसा अक्षरशः जाळून टाकतात. नवा वूफर येतो, नवा अँप्लिफायर येतो. आठ दिवस छाती दणाणते. नवव्या दिवशी जळका वास सुटतो आणि वूफर मुका होतो. मग कुणी सांगतो, 'वूफर हलका होता, याहून भारी घे.' भारी येतो, तोही जळतो. 'आता अँप्लिफायरच कमी पडतोय बघ.' तोही भारी येतो. आणि मग एके दिवशी पहाटे ट्रॅक्टरचा सेल्फ फिरत नाही, कारण बॅटरी उतरलेली असते. दोष वूफरचा नसतो, अँप्लिफायरचाही नसतो. दोघेही आपापल्या परीने चांगले असतात. दोष असतो सोयरिकीचा. मुलगा चांगला, मुलगी चांगली, पण जोडाच जमलेला नाही, त्यातला हा प्रकार.

मी गणिताचा अध्यापक आहे, यंत्रज्ञ नव्हे. पण या सोयरिकीत जे जुळवून पाहायचे असते ते सगळे आकडेच आहेत, आणि ते शाळेतल्या गणितापलीकडचे नाहीत. म्हणून हा विषय घेतला.

आधी वधूवरांची ओळख करून घेऊ. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे नाद ऐकू येतात. गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर 'घूंऽऽ' असा जो एकसुरी आवाज करीत असतो, तो सेकंदाला १०० कंपनांचा. आपण ज्याला सबवूफर म्हणतो त्याचे राज्य याच्याही खाली, २० ते ८० कंपनांच्या मुलखात असते. इतका खालचा नाद काढायचा तर पडदा जड हवा आणि मोठाही हवा. हे आमच्या भजनी मंडळींना कुणी शिकवायला नको. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक लावतात, ती कशासाठी? कातड्याचे वजन वाढावे आणि नाद खाली उतरावा म्हणून. हलगीला उलट आच दाखवून कातडे ताणतात, की तिचा आवाज वर चढतो. सबवूफर म्हणजे विजेवर वाजणारे पखवाजाचे डावे तोंड, असे समजा.

फरक एवढाच, की येथे हात मारीत नाही, तार मारते. कागदी पडद्याच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. बाजारात त्याला कॉइल म्हणतात. ते लोहचुंबकाच्या एका अरुंद फटीत अधांतरी असते. तारेतून वीज पुढेमागे खेळली, की वेटोळे पुढेमागे होते आणि पडदा हवा ढकलू लागतो. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजही तुमच्या गाडीत आहे. अँप्लिफायरचे काम या तारेला वीज पुरवण्याचे. गाण्याची दुबळी वीज घ्यायची आणि बॅटरीच्या जोरावर तिला धष्टपुष्ट करून पुढे पाठवायची.

आता वॅट. 'किती वॅटचा आहे?' हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि बहुधा शेवटचाही तोच. पण वॅट हे आवाजाचे माप नव्हेच. ते विजेच्या खर्चाचे माप आहे. वूफरला शंभर वॅट दिले, तर त्यांतला एक वॅटसुद्धा पुरता आवाज होऊन बाहेर पडत नाही. उरलेल्या नव्याण्णवांची उष्णता होते. पाचशे वॅट ही किती उष्णता? घरातली कपड्यांची इस्त्री ७५० किंवा १,००० वॅटची असते. म्हणजे अर्ध्यापाऊण इस्त्रीची धग तुम्ही चार बोटे रुंदीच्या एका तारेच्या वेटोळ्यात कोंडता. तार काही क्षण ती सोसते, लोखंड ती धग ओढून घेते, पडद्याच्या हालचालीने वारा लागतो. त्यावर तिचे चालते. सोसण्याची मर्यादा ओलांडली, की तारेवरचे लुकण करपते. जळका वास येतो तो हाच. तो वास आला त्याच क्षणी आवाज कमी केला, तर वूफर वाचण्याची आशा असते. 'हे गाणे संपू दे' म्हटले, की गाण्याबरोबर वूफरही संपतो.

तेव्हा सोयरिकीतली पहिली पाहणी वॅटांची. येथे खरा धोका आहे तो पेटीवरच्या आकड्याचा. मोंढ्यात सोयाबीन नेणाऱ्या शेतकऱ्याला वजनाची फोड करून सांगावी लागत नाही. भिजलेल्या मालाचे वजन निराळे आणि वाळलेल्या मालाचे निराळे. व्यापारी आधी ओलावा पाहतो, मग भाव बोलतो. अँप्लिफायरच्या खोक्यावर '३,००० वॅट' असे जे ठसठशीत छापलेले असते, ते भिजलेल्या सोयाबीनचे वजन होय. कधी त्याला 'पीक पॉवर' म्हणतात, कधी 'पीएमपीओ'. निमिषमात्र, कुठल्याशा आदर्श परिस्थितीत निघू शकेल अशी ती ताकद. वाळलेले वजन म्हणजे 'आरएमएस' वॅट. सतत, तासन्‌तास निघू शकणारी ताकद. सोयरीक जुळवायची ती आरएमएसची आरएमएसशी. एकाचा पीक आणि दुसऱ्याचा आरएमएस असा मेळ घातला, की तेथेच घात झाला. अमेरिकेत २००३ साली यासाठी सीईए-२००६ नावाचे एक प्रमाण ठरले. त्यात किती व्होल्टवर, किती ओहमवर आणि आवाज किती शुद्ध असताना वॅट मोजायचे, ते बांधून दिले आहे. ज्या पेटीवर त्याचा उल्लेख असेल, तिच्या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आणि उल्लेख नसेल तर? तर अँप्लिफायर उलटा करून त्याचे फ्यूज पाहा. फ्यूज खोटे बोलत नाही. समजा, खोक्यावर ३,००० वॅट लिहिले आहे आणि फ्यूज आहे २५ अँपिअरचा एक. गाडी चालू असताना बॅटरीजवळ सुमारे १४ व्होल्ट असतात. १४ गुणिले २५ म्हणजे ३५० वॅट. याहून जास्त वीज त्या अँप्लिफायरच्या पोटात सतत जाऊच शकत नाही. गेली तर फ्यूज उडेल. आत गेलेल्यातले बाहेर किती येते? जुन्या धाटणीच्या, म्हणजे 'एबी' वर्गाच्या यंत्रातून निम्मे किंवा थोडे अधिक. नव्या 'डी' वर्गाच्या यंत्रातून शेकडा ८० च्या घरात. म्हणजे तीन हजारांचे निव्वळ उरले दोनशे ते पावणेतीनशे. दुकानात उभ्या उभ्या, बोटांवर करता येणारा हा हिशेब आहे. करून पाहा.

दुसरी पाहणी ओहमची. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली विजेचा एक साधा नियम मांडला. वाटेत अडथळा जितका कमी, तितका प्रवाह जास्त. वूफरच्या कॉइलवर ४ ओहम, २ ओहम असे लिहिलेले असते, ते या अडथळ्याचे माप. अँप्लिफायरवरही लिहिलेले असते, की ४ ओहमला इतके वॅट, २ ओहमला इतके. २ ओहमचा आकडा मोठा दिसतो, आणि त्याला भुलून घोटाळा होतो.

४ ओहमचे दोन वूफर शेजारी शेजारी जोडले, म्हणजे दोघांचे अधिक अधिकला आणि उणे उण्याला, तर एकूण अडथळा २ ओहम होतो. पाण्याला एकाऐवजी दोन पाइप मिळाल्यासारखे. तेच एकामागून एक, माळेसारखे जोडले तर ८ ओहम होतात. काही वूफरांत दोन-दोन कॉइली असतात. ४-४ ओहमच्या दोन कॉइलींचे असे दोन वूफर घेऊन सगळेच शेजारी शेजारी जोडले, तर अडथळा उरतो फक्त १ ओहम. जो अँप्लिफायर २ ओहमपर्यंतच टिकाव धरणारा आहे, त्याच्या गळ्यात हा १ ओहमचा धोंडा बांधला, तर तो एक तर तापून बंद पडेल, नाही तर कायमचाच जाईल. म्हणून तारा जोडण्याआधी कागदावर मांडणी करावी. जोडल्यावर मल्टिमीटरने मोजून पाहावे. ४ ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते. त्याने दचकू नये. पण चारच्या जागी पावणेदोन दिसले, तर थांबावे.

आता मुख्य प्रश्न. वूफर ४०० आरएमएस वॅटचा असेल, तर अँप्लिफायर किती वॅटचा घ्यावा? उत्तर सरळ आहे: तितक्याच ओहमला तितक्याच वॅटचा, किंवा किंचित जास्त. जास्त का? येथे आमच्याकडे एक समज पसरलेला आहे, की अँप्लिफायर कमी ताकदीचा असला तर वूफर जळतो. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे नेहमी जास्त महागात पडते. कमी ताकद स्वतः काहीच जाळत नाही. तसे असते, तर आवाज बारीक ठेवल्यावर सगळेच वूफर जळाले असते! जळते ते दुसऱ्याच कारणाने. आवाजाची लाट गोल माथ्याची असते. अँप्लिफायरची कुवत संपली आणि तरी आपण बटन फिरवतच राहिलो, तर लाटेचा माथा वर जाऊ शकत नाही. तो छाटला जातो. आपल्या बालाघाटाचे डोंगर पाहा, माथ्यावर सपाट, कुणी विळ्याने कापल्यासारखे. तशी ती लाट होते. अशा सपाट माथ्याच्या लाटेत, उंची तेवढीच असूनही, गोल लाटेच्या दुपटीपर्यंत ताकद भरू शकते. म्हणजे ३०० वॅटचा अँप्लिफायर ओरबाडून वाजवला, तर तो फाटक्या आवाजाचे ६०० वॅटसुद्धा ओतू शकतो. समोरचा वूफर ३०० चा असेल, तर तो जळणारच. मग आपण म्हणतो, अँप्लिफायर कमी पडला. तो कमी पडला नाही. आपण त्याला मर्यादेबाहेर ताणले.

हे ताणणे टाळण्यासाठी अँप्लिफायरवर एक छोटा स्क्रू असतो, 'गेन' नावाचा. बहुतेक मुले त्याला आवाजाचे दुसरे बटन समजतात आणि शेवटपर्यंत पिळून ठेवतात. तो आवाज वाढवण्यासाठी नाहीच. डेकमधून येणारी वीज आणि अँप्लिफायरची कुवत यांची गाठ नेमकी बांधण्यासाठी तो आहे. त्याचा हिशेब असा: वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करा आणि त्याचे वर्गमूळ काढा, जे येईल तितके व्होल्ट. ४०० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार १,६००. त्याचे वर्गमूळ ४०. झाले. आता वूफरच्या तारा सोडवा. डेकमधले 'बेस बूस्ट' बंद करा. डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवा. ५० कंपनांचा एकसुरी नाद वाजवा. तो मोबाइलवरही मिळतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या वूफरकडच्या टोकांना लावा, आणि ४० व्होल्ट दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा. चाळीस दिसले, की स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. शेजारी 'लो पास' नावाचा स्क्रू असतो, तो ८० कंपनांच्या आसपास ठेवा, म्हणजे वूफरकडे फक्त त्याच्या मुलखातलेच सूर जातील. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते न करण्याचा दंड एका वूफरएवढा आहे.

'बेस बूस्ट'वर एवढा राग का, तेही सांगून टाकतो. त्या बटनावर १२ डेसिबेलपर्यंत आकडे असतात. दिसायला बारा, पण त्या सुरापुरती ताकद सुमारे १६ पट मागितली जाते. पाव भाकरीची भूक असलेल्याच्या ताटात एकदम चार भाकरी वाढल्यासारखे.

तिसरी पाहणी घरच्या परिस्थितीची, म्हणजे बॅटरीची आणि अल्टरनेटरची. ५०० आरएमएस वॅट बाहेर काढायचे, तर डी वर्गाचा अँप्लिफायरही ६२५ वॅट आत घेतो. १४ व्होल्टांवर ते सुमारे ४५ अँपिअर होतात. गाडीचा एक हेडलाइट चार-पाच अँपिअर घेतो. म्हणजे तुम्ही नऊ-दहा जादा हेडलाइट लावलेत! बरे, गाण्यात प्रत्येक क्षण ठोक्याचा नसतो, म्हणून सरासरी खर्च पुष्कळ कमी येतो. तरीही पुष्कळशा ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ४० अँपिअरच्या आसपासचाच असतो, आणि त्याला दिवे जपायचे असतात, बॅटरी भरायची असते. तुमच्या अल्टरनेटरचा नेमका आकडा त्याच्या अंगावरच्या पट्टीवर मिळेल. माझ्या मते साध्या ट्रॅक्टरावर दोन-अडीचशे आरएमएस वॅटांपलीकडे जाऊ नये. आणि कारखान्याच्या रांगेत इंजिन बंद करून तासन्‌तास वाजवणार असाल, तर तो सगळा खर्च एकट्या बॅटरीच्या माथी बसतो, हे लक्षात असू द्या.

तारेचा विचार तर कुणी करीतच नाही. येथे मला शेतातल्या मोटारीची आठवण द्यावीशी वाटते. खांबापासून विहीर लांब, केबल बारीक. मग मोटारीपर्यंत पुरते व्होल्ट पोचत नाहीत, मोटार घरघरते, तापते आणि जळते. हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. गाडीतही तेच घडते. बॅटरी पुढे आणि अँप्लिफायर मागे. समजा पाच मीटर जाण्याची तार आणि पाच मीटर येण्याची. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली आणि ५० अँपिअर ओढले, तर दोन व्होल्टांहून अधिक वाटेतच गळतात. १२ मधले दोन गेले! १६ चौरस मिलिमीटरची घातली, तर अर्धा व्होल्ट जातो. व्होल्ट गळाले, की अँप्लिफायरची कुवत घटते. कुवत घटली, की लाटेचा माथा लवकर छाटला जातो. आणि पुढचे तुम्हांला माहीत आहे. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आतून ॲल्युमिनियम अशाही तारा मिळतात. तेवढेच काम करायला त्या दीडपट तरी जाड हव्यात. चाकूने टोक खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली, तर भाव तसा करा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच, फ्यूज हवा. अँप्लिफायरचा स्वतःचा फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो. मधल्या तारेला कोण वाचवणार? ती तार पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरीची सगळी वीज तेथे एकवटते, तार लाल होते आणि गाडी पेटते. मागे वाळलेले पाचट आणि ऊस असेल, तर काय होईल, ते सांगायला नको. महागाच्या तारेवर फ्यूजचे थोडेसे पैसे वाचवू नका.

चौथी पाहणी खोक्याची. वूफर आणि त्याचे लाकडी खोके हे दोन नव्हेत, एकच वाद्य आहे. तंबोऱ्याचा भोपळा काढून टाकला, तर उरते काय? नेव्हिल थील नावाच्या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ साली, आणि पुढे सत्तरीच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, कोणत्या वूफरला किती घनफळाचे खोके लागेल याचे गणित बांधून दिले. त्याचे आकडे वूफरबरोबरच्या कागदावर असतात. आपण तो कागद फेकून देतो आणि सुताराला सांगतो, 'सीटखाली बसेल एवढं कर.' बंद खोक्यातली हवा स्प्रिंगसारखी पडद्याला आवरून धरते. नळी बसवलेल्या खोक्यात आवाज जास्त निघतो, पण नळीच्या सुराखालचा नाद आला, की पडद्याला आवरणारे कुणी उरत नाही. तो मोकाट पुढेमागे आपटतो आणि फाटतो. म्हणजे वूफर दोन प्रकारे मरतो: एक जळून, दुसरा फाटून. वॅटांचा हिशेब पहिल्यापासून वाचवतो, खोक्याचा हिशेब दुसऱ्यापासून.

येथेच एका कोड्याचा उलगडा होतो. मित्राच्या मोटारीत जो वूफर काचा हादरवतो, तोच ट्रॅक्टरावर फुसका का वाटतो? ५० कंपनांच्या नादाची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांबीची असते. बंद मोटारीची पोकळी तिच्याहून लहान, म्हणून ती हवा सगळी मिळून दाबली जाते आणि खालच्या सुरांना फुकटचे बळ मिळते. ट्रॅक्टरला ना काचा, ना दारे. नाद रानात पसरतो. हे बळ वॅट वाढवून विकत घेता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याने ते घेण्याच्या नादात वूफरमागून वूफर जाळू नयेत. चांगले साधे स्पीकर घ्यावेत, त्यांत शब्द आणि चाल दोन्ही नीट ऐकू येतात.

का घेता येत नाही, याचे गणित एवढेच: वॅट दुप्पट केले, तर आवाज ३ डेसिबेलनेच वाढतो. कानाला तो जेमतेम 'थोडा वाढला' इतकाच वाटतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबेल लागतात, आणि १० डेसिबेल म्हणजे दहापट वॅट. शंभराचे हजार! खर्च दहापट, बॅटरीवरचा ताण दहापट, आणि कानाला दुप्पट. उलट, वूफरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून एक आकडा असतो. ८७ च्या ऐवजी ९० डेसिबेलचा वूफर निवडला, तर एकही वॅट न वाढवता दुप्पट अँप्लिफायर घेतल्याचे फळ मिळते. हा आकडा दुकानात कुणी विचारीत नाही.

पण या तीन डेसिबेलची दुसरी बाजूही आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील सरकारी संस्थेने १९९८ साली कानासाठी जी मर्यादा सुचवली, ती अशी: ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. हे मोजमाप करताना खालच्या सुरांना कमी वजन दिलेले असते, हे खरे. पण वूफरचा दणका वाढला, की बाकीचे स्पीकरही त्याच्या बरोबरीने चढवले जातात. एकटा धूम कुणी ऐकत नाही. म्हणजे पाहा, तुम्ही दुप्पट वॅटांचे पैसे मोजले. कानाला मिळाले जेमतेम थोडेसे. आणि कानाची सुरक्षित वेळ मात्र बरोबर निम्मी झाली. इतका आतबट्ट्याचा व्यवहार मोंढ्यात कुणी केला, तर त्याला घरचे लोक दुसऱ्या दिवशी मोंढ्यात पाठवणार नाहीत. शिवाय कॉइल जळाली तर नवी बसते. कानातल्या नाजूक केसांच्या पेशी एकदा गेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

शेजाऱ्यांचा हिशेब कायद्याने मांडून ठेवला आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही त्यांतली मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांततेचा. कायदा पाळावाच, पण रस्त्यावरच्या माणसाला त्याहून सोपे माप हवे, ते मी सांगतो. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याला मागचे काही दिसत नाही. मागून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न त्याला कानानेच कळतो. तो हॉर्न गाणे चालू असतानाही स्पष्ट ऐकू आला, तर तुमचा आवाज बरोबर लागला आहे. ऐकू आला नाही, तर तो जास्त आहे, मग अँप्लिफायर कितीही वॅटचा असो.

तेव्हा यंदा हंगामाचे पैसे हाती आल्यावर दुकानात गेलात, तर 'किती वॅटचा?' एवढेच विचारून थांबू नका. आरएमएस किती, ओहम किती, फ्यूज किती अँपिअरचा, सेन्सिटिव्हिटी किती, खोके किती घनफळाचे, एवढे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून घ्या. अल्टरनेटरवरची पट्टी आधीच वाचून जा. दुकानदार जाणता असेल, तर त्याला आनंद होईल. तो उडवाउडवी करू लागला, तर दुकान बदला. सोयरीक करताना आपण चार घरे पाहतोच की! आणि जोडा नीट जमला, तर दोनशे वॅटही घरापासून कारखान्यापर्यंतची रात्र सुखाची करतात.